विज्ञानाच्या तासाला ‘कशावरून?’ : नव्या शिक्षकांसाठी

दहावीच्या विज्ञानात ‘शास्त्रीय कारणे लिहा’ हा प्रश्न वर्षानुवर्षे विचारला जातो. नावावरून वाटते की इथे तरी मूल स्वतः विचार करून लिहीत असेल. प्रत्यक्षात ती कारणेही पाठच केलेली असतात. गाईडमधले मुद्दे, त्याच क्रमाने, त्याच शब्दांत. तोच प्रश्न जरा फिरवून विचारला की वर्गातला हुशार मुलगासुद्धा म्हणतो, “सर, हे पुस्तकात नाही.”

आठवी ते दहावीला नव्याने विज्ञान शिकवायला लागलेल्या शिक्षकांसाठी हे लिहीत आहे. शिक्षण सेवक म्हणून नुकतेच रुजू झालेले असाल, वर्गात साठ मुले असतील, तास पस्तीस मिनिटांचा असेल आणि प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली दुसऱ्याकडे असेल, हे सगळे धरूनच पुढच्या पायऱ्या सांगितल्या आहेत. चिकित्सक विचार हा काही वेगळा तास घेऊन शिकवायचा विषय नाही. माध्यमिक वर्गापुरता त्याचा गाभा मला असा वाटतो: मी जे म्हणतो ते कशावरून म्हणतो हे मुलाला सांगता यावे, आणि पुरावा उलटा निघाला तर आपले म्हणणे बदलता यावे.

सुरुवात एका तुकडीपासून आणि एका पाठापासून करा. सगळ्या वर्गांत एकदम नवे काही सुरू केले तर पहिल्या घटक चाचणीपर्यंतच दम लागतो.

पहिली पायरी : प्रश्न विचारून थांबा

वर्गात आपण प्रश्न विचारतो आणि लगेच स्वतःच उत्तर देतो, किंवा पहिल्या बाकावरच्या वर गेलेल्या हाताकडे वळतो. मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७०च्या दशकात विज्ञानाच्या तासांचे ध्वनिमुद्रण करून हा वेळ मोजला. शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबत होते. तीन सेकंद किंवा जास्त थांबल्यावर उत्तरे लांबली, एरवी गप्प बसणारी मुले बोलू लागली आणि ‘माहीत नाही’ म्हणणे कमी झाले. या पायरीला काही खर्च नाही, परवानगी लागत नाही, अभ्यासक्रम मागे पडत नाही. म्हणून हीच पहिली.

तीन सेकंद ऐकायला थोडे वाटतात. फळ्यासमोर उभे राहिल्यावर ते फार लांब भासतात. मनातल्या मनात पाचपर्यंत मोजा. वर्गाला आधीच सांगून ठेवा की हात लगेच वर करायचा नाही, मी ‘आता’ म्हटल्यावरच करायचा. उत्तर आल्यावरही ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ म्हणायची घाई करू नका. पुन्हा थांबा आणि विचारा, “कशावरून?” उत्तर बरोबर असतानाही विचारा. फक्त चुकलेल्या मुलालाच ‘कशावरून?’ विचारले, तर आठवडाभरात वर्ग शिकतो की सरांनी हे विचारले म्हणजे आपले चुकले.

‘समजलं का?’ या प्रश्नाला वर्ग एका सुरात ‘हो’ म्हणतो. त्यातून आपल्याला काहीच कळत नाही. त्याऐवजी बाकावरच्या दोघांनी एकमेकांना उत्तर सांगायचे, मग मी कोणालाही उठवीन आणि त्याने शेजाऱ्याचे उत्तर सांगायचे, असा नियम करा. स्वतःचे उत्तर चुकेल या भीतीने गप्प बसणारी मुले शेजाऱ्याचे उत्तर बिनधास्त सांगतात.

दुसरी पायरी : प्रयोगाआधी अंदाज लिहून घ्या

आपल्याकडे प्रयोग म्हणजे बहुतेक वेळा आधीच सांगितलेल्या उत्तराची खात्री. उद्दिष्ट, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष. आणि निष्कर्ष प्रयोगाच्या आदल्या दिवशीच वहीत उतरवलेला. क्रम उलटा करा. आधी अंदाज आणि त्याचे कारण लिहायचे, मग पाहायचे, मग अंदाज आणि निरीक्षण यांतला फरक समजावून सांगायचा. विज्ञानशिक्षणाचे अभ्यासक व्हाइट आणि गन्स्टन यांनी ही पद्धत नीट मांडली. अंदाज पेनने लिहायचा, नंतर खोडायचा नाही, आणि चुकलेल्या अंदाजाचे गुण जात नाहीत, हे पहिल्याच दिवशी ठणकावून सांगा.

यासाठी माझा सगळ्यात आवडता प्रयोग मेणबत्तीचा आहे, आणि तो सविस्तर सांगतो, कारण एका तासात किती काय निघू शकते हे त्यातून दिसते.

एका ताटात थोडे पाणी घ्या, त्यात शाईचे दोन थेंब टाका. मधे मेणबत्ती उभी करून पेटवा आणि तिच्यावर जाड काचेचा ग्लास उपडा ठेवा. ज्योत विझते आणि पाणी ग्लासात चढते. हा प्रयोग बहुतेक मुलांनी पाहिलेला असतो आणि उत्तरही तयार असते: ज्वलनात ऑक्सिजन संपला, हवेत तो एक पंचमांश असतो, म्हणून तेवढी जागा पाण्याने घेतली. हे उत्तर फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. चूक म्हणू नका, बरोबरही म्हणू नका.

आता म्हणा, “पुन्हा करतो. या वेळी पाणी नेमके कधी चढते ते बघा. ज्योत जळत असताना की विझल्यावर?” मुले पुढे सरकतात. बहुतेक पाणी ज्योत मंदावताना आणि विझल्यानंतर झपाट्याने चढते. ऑक्सिजन तर ज्योत जळत असतानाच वापरला जातो. मग पाणी तेव्हाच सावकाश चढत जायला हवे होते. ग्लास ठेवताना काठाशी बुडबुडे दिसले का, हेही विचारा. एखादी मुलगी नक्की म्हणते की दिसले. मग आतली काही हवा बाहेर गेली, नाही का?

इथे अंदाजाची वेळ आली. “तोच ग्लास, पण आत एकाऐवजी तीन मेणबत्त्या. पाणी जास्त चढेल, कमी, की तेवढेच?” सगळ्यांनी वहीत लिहायचे आणि पुढे एका ओळीत कारण. ग्लासातली हवा तेवढीच, ऑक्सिजनही तेवढाच. म्हणून कोपऱ्यातले उत्तर बरोबर असेल तर पाणी साधारण तेवढेच चढले पाहिजे. प्रयोग करा. तीन मेणबत्त्यांना पाणी स्पष्टपणे जास्त चढते.

आता वर्ग जागा होतो. कोणीतरी म्हणते, “सर, गरम हवेमुळे असेल.” लगेच शाबासकी देऊ नका. “कशावरून? मेणबत्ती न लावता हे तपासता येईल का?” थोडी वाट पाहा. एखादे मूल सुचवते, नाही सुचवले तर तुम्ही सुचवा: ग्लास गरम पाण्याने विसळून, रिकामा करून, लगेच ताटातल्या गार पाण्यात उपडा ठेवायचा. ज्योत नाही, ऑक्सिजन वापरला गेला नाही, तरी थोडे का होईना पाणी वर चढते. म्हणजे मुख्य काम गरम होऊन प्रसरण पावलेली हवा पुन्हा गार होऊन आकुंचन पावण्याचे आहे. ऑक्सिजन वापरला जातो हे खरेच, पण त्याच्या जागी कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते, आणि ग्लासातला बराचसा ऑक्सिजन शिल्लक असतानाच ज्योत विझते.

लगेच पुढचा प्रश्न येतो: मग हवेत एक पंचमांश ऑक्सिजन असतो हेही खोटे का? हा प्रश्न आला नाही तर तुम्ही आणा. एक निष्कर्ष बरोबर असूनही त्यासाठी दिलेला पुरावा चुकीचा असू शकतो, ही गोष्ट मुलांना शब्दांत सांगून पटत नाही. तासाच्या शेवटी ओल्या परीक्षानळीच्या आतल्या बाजूला लोखंडाचा कीस चिकटवा, नळी पाण्याच्या चंचुपात्रात उपडी ठेवा आणि ती चार दिवस खिडकीत राहू द्या. लोखंड गंजताना ऑक्सिजन वापरला जातो, उष्णतेचा गोंधळ नसतो, आणि पाणी साधारण एक पंचमांश उंचीपर्यंत येते. रोज तासाला येताना मुले आधी खिडकीकडे बघतील.

काळजी घ्यायच्या गोष्टी: मोकळे केस आणि ओढणी बांधून घ्या, पातळ काचेचा ग्लास वापरू नका, ओले फडके हाताशी ठेवा. आणि कोणताही प्रयोग आदल्या दिवशी स्वतः करून बघा. प्रयोगशाळा परिचर सोबत असतील तर उत्तमच. कोणत्या कपाटात काय चालते आणि काय चालत नाही हे त्यांच्याइतके कोणालाच माहीत नसते.

तिसरी पायरी : वहीत खरे आकडे

पुण्यात किंवा कोल्हापुरात पाणी उकळून तापमापी पाहा. १०० अंश सेल्सिअस दिसणार नाही, साधारण ९८ दिसेल. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटर उंच आहे, तिथे पाणी ९५-९६ अंशांनाच उकळते. तरी प्रयोगवह्या गोळा केल्या तर पानोपानी १०० लिहिलेले सापडते. मुले खोटारडी असतात म्हणून असे होत नाही. पुस्तकातला आकडा लिहिला की सही मिळते आणि समोर दिसलेला लिहिला की ‘पुन्हा कर’ असे ऐकावे लागते, हे त्यांना अनुभवाने कळलेले असते.

ही सवय मोडणे तुमच्या हातात आहे. पहिल्याच प्रात्यक्षिकाला जाहीर करा की दिसलेला आकडा लिहिला तर पूर्ण गुण, मग तो काही का असेना. नंतर सगळ्या गटांचे आकडे फळ्यावर लिहा: ९७, ९८, ९८, ९६, ९८.५. आता खरे काम सुरू होते. हे १०० का नाहीत? वर्गातून कारणे गोळा करा. तापमापी बिघडली असेल. पाण्यात क्षार असतील. आपण उंचावर आहोत. नीट उकळायच्या आधीच वाचन घेतले असेल. प्रत्येक कारणापुढे विचारा, “हे खरे असेल तर आणखी काय दिसायला हवे?” तापमापीचा दोष असेल तर ती दुसऱ्या गटाला दिल्यावर त्यांचाही आकडा तसाच हलेल, आणि वितळत्या बर्फात ती शून्य दाखवणार नाही. क्षारांमुळे उत्कलनबिंदू वाढतो, कमी होत नाही. म्हणून ते कारण दिशेनेच बाद होते. उंचीचे कारण असेल तर दर ३०० मीटरला साधारण एक अंश उतरेल. आपल्या गावाची उंची शोधा आणि गणित करा. मुंबईला किंवा अलिबागला राहणाऱ्या मावसभावाला फोन करून विचारता येते. शाळा किनाऱ्यालगतची असेल तर उलटा प्रश्न द्या: महाबळेश्वरला डाळ शिजायला जास्त वेळ का लागतो आणि कुकरमध्ये हा फरक का जाणवत नाही?

निरीक्षण आणि अनुमान यांच्यासाठी प्रयोगवहीत दोन वेगळे रकाने आखून घ्या. ‘हळद साबणाने लाल झाली’ हे निरीक्षण. ‘साबण आम्लारिधर्मी आहे’ हे अनुमान. पहिले काही आठवडे मुले दोन्ही एकातच कोंबतात. वही परत करताना रकान्यापासून रकान्यापर्यंत नुसता एक बाण काढा, बाकी काही लिहू नका. ती स्वतः हलवतात.

चौथी पायरी : एका वेळी एकच गोष्ट बदला

इथे मटकी पुरेशी आहे. मोड लवकर कशाने येतात: कोमट पाण्याने, कापडात बांधल्याने, अंधारात ठेवल्याने? घरात आई-आजीची मते ठाम असतात आणि वेगवेगळीही, म्हणून मुलांना रस वाटतो. गटांना सांगा की प्रयोग तुम्हीच आखा आणि पन्नास-पन्नास दाणे मोजून घ्या. बहुतेक गट पहिल्यांदा दोन गोष्टी एकदम बदलतात, म्हणजे कोमट पाणी आणि कापडही. लगेच थांबवू नका. निकाल मांडताना दुसऱ्या गटालाच विचारू द्या, “मोड पाण्यामुळे आले की कापडामुळे, कशावरून?” मग एका गटाचे पन्नास दाणे आणि सगळ्या वर्गाचे मिळून पाचशे दाणे यांचे निकाल शेजारी मांडा. लहान नमुन्यावर केवढा भरवसा ठेवायचा, हे तिथेच दिसते.

पाचवी पायरी : ‘शास्त्रीय कारण’ उलगडून लिहा

परीक्षेतला हा प्रश्न शत्रू मानू नका, तो कामाला लावा. प्रत्येक कारण तीन भागांत लिहायला लावा: माझे म्हणणे काय, त्याला पुरावा कोणता, आणि तो पुरावा माझ्या म्हणण्याला कसा लागू पडतो. तिसरा भाग सगळ्यात अवघड असतो आणि तिथेच पाठांतर उघडे पडते.

नेहमीचे उदाहरण घ्या: थंड प्रदेशात हिवाळ्यात पाण्याचे नळ फुटतात. ठरलेले उत्तर असे असते: पाण्याचे तापमान ४ अंशांखाली गेले की पाण्याचे असंगत आचरण होते, म्हणजे गार होताना कमी होण्याऐवजी आकारमान वाढते, त्यामुळे नळ फुटतात. आता वर्गाला विचारा, “नाशिक जिल्ह्यात निफाडला थंडीत पारा अनेकदा ५ अंशांच्या खाली येतो, काही वेळा ४ अंशांच्याही खाली. तिथले नळ का फुटत नाहीत?”

वर्ग शांत होतो. मग आकडे द्या. ४ अंशांचे पाणी ० अंशापर्यंत गार झाले, द्रवच राहिले, तर त्याचे आकारमान सुमारे ०.०१ टक्का वाढते. तेच पाणी गोठून बर्फ झाले की सुमारे ९ टक्के वाढते. नळ कशाने फुटेल? मुले स्वतःच सांगतात. ४ अंशांची गोष्ट तळ्यातले मासे हिवाळ्यात का वाचतात याच्या उत्तराला महत्त्वाची आहे, कारण बर्फाखाली, तळाशी ४ अंशांचे पाणी राहते. नळ फोडण्याचे काम मात्र बर्फाचे. पुरावा म्हणून प्लास्टिकची छोटी बाटली काठोकाठ भरून, झाकण लावून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवायला सांगा. काचेची बाटली अजिबात नको.

काही पालक आणि सहकारी विचारतील, असे लिहिले तर बोर्डात गुण जातील का? मुलांना असंगत आचरणाचे वाक्य ठेवूनच पुढे बर्फ होण्याचे वाक्य जोडायला शिकवा. उत्तर जास्त बरोबर होते आणि तपासणाऱ्याला हवे ते वाक्यही त्यात असते.

आठवड्याला एकच शास्त्रीय कारण असे उलगडा. सगळीच उलगडत बसलात तर मुलेही कंटाळतात, तुम्हीही.

सहावी पायरी : साठ जणांत चर्चा

मोठ्या वर्गात चर्चा होत नाही, असे नेहमी ऐकू येते. हार्वर्डमध्ये एरिक माझूर यांनी १९९१च्या सुमाराला शेकड्याने विद्यार्थी असलेल्या वर्गात जे सुरू केले, ते आपल्याकडे जुन्या वहीच्या पुठ्ठ्यांवरही चालते. प्रत्येकाकडे अ, ब, क, ड अशी चार कार्डे. प्रश्न फळ्यावर, मिनिटभर शांतता, मग सगळ्यांनी कार्ड छातीशी धरून दाखवायचे. वर धरू नका, नाहीतर मागची मुले पुढच्यांचे बघून बदलतात. साधारण तिसरा हिस्सा ते दोन तृतीयांश मुलांचे उत्तर बरोबर असेल तर उत्तर सांगायचे नाही. वेगळे कार्ड धरलेल्या शेजाऱ्याला पटवायला तीन मिनिटे द्यायची आणि पुन्हा कार्डे मागायची. जवळपास सगळ्यांचे बरोबर असेल तर पुढे जायचे. फारच थोड्यांचे बरोबर असेल तर तो भाग पुन्हा शिकवायचा, कारण चुकीचे उत्तर चुकीच्याला पटवत बसण्यात वेळ जातो.

प्रश्नावर सगळे अवलंबून असते. व्याख्या विचारणारा प्रश्न इथे फुकट जातो. हा वापरून पाहा: घट, बल्ब, आणि बल्बच्या आधी विद्युतधारा मोजणारा एक अॅमीटर, नंतर एक अॅमीटर. दुसऱ्याचे वाचन पहिल्यापेक्षा (अ) जास्त, (ब) कमी, (क) तेवढेच, (ड) शून्य. बरीच मुले ‘ब’ धरतात, कारण बल्बने थोडी वीज ‘खाल्ली’ असणार असे त्यांना वाटते. ही समजूत चिवट असते आणि ओहमचा नियम पाठ असूनही टिकते. चर्चेनंतर परिपथ जोडा. शाळेतल्या दोन अॅमीटरमध्ये बारीक फरक हमखास येतो, आणि ‘ब’वाले लगेच ओरडतात, “बघा, कमी!” त्यांना विचारा, हे मापकाच्या दोषामुळे की बल्बमुळे, कसे ठरवायचे? दोन्ही मापकांची अदलाबदल करायची. कमी वाचन मापकाबरोबर दुसऱ्या जागी गेले तर दोष मापकाचा. हे वाक्य मुलांच्या तोंडून येईपर्यंत थांबा.

साधने नाहीत ही अडचण खरी आहे, पण तिच्यावर आपल्याच देशात मोठे काम झालेले आहे. मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली सहावी ते आठवीच्या १६ सरकारी शाळांपासून एक विज्ञान कार्यक्रम सुरू झाला. तिथे खेड्यातली मुले स्वस्त साहित्याने स्वतः प्रयोग करून शिकत आणि परीक्षेला पुस्तक उघडून बसत. प्रश्नच असे असत की पुस्तक उघडून उत्तर सापडू नये. २००२ साली तो बंद झाला, पण पुस्तक उघडून सोडवायची छोटी चाचणी कोणताही शिक्षक आपल्या वर्गात आजही घेऊ शकतो. सहामाहीच्या आधी एकदा घेऊन बघाच.

सातवी पायरी : वर्गाबाहेरचे दावे

मोबाइलवर फिरणारे संदेश, जाहिराती, घरातल्या समजुती यांना कधी ना कधी हात घालावाच लागतो. इथे सूर महत्त्वाचा. मुलाच्या घरच्यांची टिंगल झाली तर ते मूल तुमच्यापासून तुटते आणि घरी जाऊन विज्ञानाच्या विरुद्ध बाजूला उभे राहते. श्रद्धेवर बोलू नका. तपासता येईल असा दावा निवडा आणि तो तपासा.

मी माहीमच्या ‘गोड’ समुद्राचे उदाहरण घेतो. ऑगस्ट २००६ मध्ये माहीमच्या खाडीजवळ समुद्राचे पाणी गोड झाल्याची बातमी पसरली, लोकांनी गर्दी केली आणि बाटल्या भरभरून नेल्या, काहींनी पाणी प्यायलेही. ते पिऊ नका असे प्रशासनाला सांगावे लागले. वर्गाला विचारा: पाणी खरेच कमी खारट लागले असे धरून चालू. मग काय काय कारणे असू शकतील? महिना कोणता? तिथे कोणती नदी मिळते? पावसाळा आणि मिठी नदी ही दोन उत्तरे मुले नकाशा पाहून काढतात. मग एका उभट ग्लासात शाई घातलेले मिठाचे पाणी घ्या आणि त्यावर चमच्याच्या पाठीवरून साधे पाणी हळूहळू सोडा. दोन थर वेगळे दिसतात. नववीच्या मुलांना घनतेचे सूत्र येतच असते. ते माहीमच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचते हे नवे असते. आणि शेवटी हा प्रश्न: पाणी गोड लागणे आणि पिण्यायोग्य असणे एकच का? मिठीतून काय काय वाहत येते हे मुंबईच्या मुलांना सांगावे लागत नाही.

२१ सप्टेंबर १९९५ रोजी मूर्ती दूध पितात ही बातमी देशभर पसरली होती. पृष्ठताण शिकवताना तीही घेता येते. वर्गात मूर्ती आणू नका. साधा दगड किंवा मातीचे भांडे घ्या, दुधात रंग मिसळा आणि चमचा टेकवून दूध कुठून ओघळते ते पाहू द्या. ग्रहणात शिजवलेले अन्न खराब होते हा दावाही तपासण्यासारखा आहे: ग्रहणाच्या दिवशी आणि दुसऱ्या एखाद्या दिवशी सारखाच भात, सारख्या डब्यात, सारखे तास ठेवायचा आणि पाहायचा, खायचा नाही. मटकीचा धडा इथे आपोआप आठवतो, कारण दोन्ही दिवसांचे तापमान सारखे नसेल तर मुलेच हरकत घेतात.

आलेल्या संदेशासाठी तीन प्रश्न वर्गाच्या भिंतीवर लावून ठेवा: हे कोण म्हणते? कशावरून? आणि काय दिसले तर हे खोटे ठरेल? तिसरा प्रश्न सगळ्यात कमी विचारला जातो, म्हणून तो मोठ्या अक्षरात लिहा.

वेळ आणि गुण

बोर्डाची लेखी परीक्षा ४० अधिक ४० गुणांची आणि प्रात्यक्षिकाचे २० गुण, हे वास्तव कोणालाच टाळता येत नाही. म्हणून सगळे पाठ असे शिकवायचा हट्ट धरू नका. धातुविज्ञान, अवकाश मोहिमा, प्राण्यांचे वर्गीकरण अशा पाठांत माहिती जास्त आहे. ते नेहमीच्या वेगाने घ्या. विद्युतधारा, उष्णता, प्रकाशाचे अपवर्तन, रासायनिक अभिक्रिया, आनुवंशिकता इथे थांबा. पाठ टाचणातच ‘अंदाजाचा प्रश्न’ अशी एक ओळ वाढवा, म्हणजे तासाच्या घाईत तो राहून जाणार नाही. मुख्याध्यापकांना आधी सांगून ठेवले तर वर्गातला आवाज वाढल्यावर पर्यवेक्षक दारात येऊन उभे राहत नाहीत.

घटक चाचणीत निदान एक प्रश्न असा घाला, ज्याचे उत्तर कोणत्याही गाईडमध्ये नसेल: एक तक्ता किंवा आलेख द्या, त्यातून निष्कर्ष काढायला सांगा, आणि कोणता आकडा संशयास्पद वाटतो व का हे विचारा. चाचणीत नसलेली गोष्ट मुले गंभीरपणे घेत नाहीत. तपासताना उत्तराला एक गुण आणि कारणाला दोन गुण ठेवा. उत्तर चुकले पण कारण सुसंगत असेल तर ते दोन गुण द्या, आणि ते का दिले हे वह्या वाटताना वर्गाला सांगा.

कुठे अडलात तर मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. मुलांच्या चुकीच्या समजुती कशा असतात आणि त्या कशा बदलतात यावर तिथे सतत काम चालते. टाकाऊ वस्तूंपासून प्रयोग करायचे असतील तर अरविंद गुप्ता यांची खेळणी आणि पुस्तके इंटरनेटवर मोफत मिळतात, मराठीतही. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून काम करते आहे. तुमच्या जिल्ह्यात तिचा विभाग आहे का ते पाहा. आणि जवळच्या शाळेतला विज्ञानाचा एक शिक्षक शोधा, जो हेच करू पाहतो आहे. महिन्यातून एका शनिवारी दोघांनी पुढच्या पाठाचा प्रयोग एकत्र करून बघायचा आणि अंदाजाचा प्रश्न ठरवायचा.

एखाद्या मुलाने असा प्रश्न विचारला की ज्याचे उत्तर तुम्हाला येत नाही, तर तो फळ्याच्या कोपऱ्यात तारखेसह लिहा, खाली ‘कसे शोधता येईल?’ असे लिहा, आणि पुढच्या तासापर्यंत पुसू देऊ नका.